इंग्लंडच्या खेड्यांतील राउळे आणि ती राखणारे हात

सप्टेंबर सरत आला, शेतांतील कापण्या उरकल्या, की इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतील चर्चमध्ये एक वेगळाच दरवळ भरून राहतो. वेदीच्या पायऱ्यांवर गव्हाच्या पेंढ्या, भोपळे, सफरचंदे आणि घरी भाजलेल्या रोट्या मांडलेल्या असतात. खिडक्यांच्या दगडी कोनाड्यांत फुले खोवलेली असतात. आणि एका ठरलेल्या रविवारी गावकरी नव्या पिकाबद्दल ईश्वराचे आभार मानण्यास जमतात. आपल्या घटस्थापनेच्या मागेपुढेच हा सोहळा येतो. तो फार पुरातन असावा असे पाहणाऱ्यास वाटते. परंतु त्याचे आजचे रूप १८४३ सालचे आहे. कॉर्नवॉल प्रांतात समुद्राच्या कड्यावर मॉरवेनस्टो नावाचे गाव आहे. तेथे रॉबर्ट स्टीफन हॉकर हे धर्मगुरू १८३५ पासून १८७५ पर्यंत, म्हणजे तब्बल चाळीस वर्षे, होते. नव्या धान्याची रोटी करून तीच प्रभुभोजनाच्या विधीत वापरू या, असे निमंत्रण त्यांनी त्या वर्षी गावकऱ्यांना दिले, आणि ती प्रथा हळूहळू देशभर पसरली.

हॉकर यांची खरी थोरवी मात्र मला दुसऱ्याच गोष्टीत दिसते. तो किनारा म्हणजे जहाजांचा काळच. बुडालेल्या खलाशांची प्रेते लाटांबरोबर खडकांवर येत आणि पूर्वी ती बहुधा तेथेच वाळूत पुरून टाकीत. हॉकर स्वतः कडा उतरून जात, माणसे लावून ती प्रेते वर आणवीत आणि चर्चच्या आवारात यथाविधी मूठमाती देत. अशा चाळीसहून अधिक अनामिकांना त्यांनी विसावा दिला. १८४२ त फुटलेल्या ‘कॅलेडोनिया’ जहाजाच्या नाळेवरील लाकडी मूर्ती त्यांनी त्या खलाशांच्या थडग्याशी उभी केली होती. आता मूळ मूर्ती चर्चच्या आत जपून ठेवली असून बाहेर तिची प्रतिकृती आहे. अनाथ प्रेताचा संस्कार करणाऱ्याला पावलोपावली यज्ञफळ मिळते, असे आपली स्मृती सांगते. मॉरवेनस्टोच्या त्या चढणीवर या वचनाची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

इंग्लंडची जुनी चर्चे पाहावयास जाणारे पुष्कळ लोक कमानी मोजतात, शतके विचारतात आणि छायाचित्रे घेऊन परततात. तेही योग्यच आहे. परंतु या वास्तू कोणी बांधल्या या प्रश्नाबरोबरच, त्या राखल्या कोणी, हा प्रश्न मनाशी धरून हिंडले तर दगड अधिक बोलू लागतात. इंग्लंडच्या राष्ट्रीय धर्मसंस्थेच्या ताब्यात आज सुमारे १६,००० चर्चे आहेत आणि त्यांपैकी १२,००० हून अधिक इमारती ऐतिहासिक म्हणून कायद्याने संरक्षित आहेत. यांतील बहुसंख्य चर्चे राजधानीत नव्हेत, तर ग्रामीण भागात आहेत.

अशा खेड्यातील चर्चची रचना आपल्याला अगदीच परकी वाटत नाही. लोकांना बसण्याचा लांबट सभामंडप, त्यापुढे पूर्वेकडे वेदीचा अंतर्भाग आणि बहुधा पश्चिमेस घंटांचा मनोरा. भोवती थडग्यांचे आवार असते, आणि त्यात एखादा काळपट हिरवा यू वृक्ष. काही ठिकाणचा हा वृक्ष चर्चहूनही जुना मानतात. मध्ययुगात या इमारतीच्या देखभालीची वाटणी मोठी मार्मिक होती. वेदीचा भाग धर्मगुरूने नीट ठेवावयाचा आणि सभामंडप गावकऱ्यांनी. म्हणून कित्येक ठिकाणी सभामंडप भव्य आणि अंतर्भाग बेताचा दिसतो. गावात लोकरीचा पैसा आला की लोक मंडप उंच करीत. धर्मगुरूच्या उत्पन्नाला तशी भरती येत नसे! सफोकमधील लॅव्हनहॅम आणि लाँग मेलफर्ड येथील चर्चे या लोकरीच्या वैभवावरच उभी राहिली. आत जाताना पादत्राणे काढावी लागत नाहीत, याची आपल्या मनाला प्रथम चुटपुट लागते. पुरुषांनी डोक्यावरील टोपी मात्र काढावयाची असते.

कथेकऱ्याला आख्यान मिळावे असे एक गाव डर्बीशरच्या डोंगरांत आहे. त्याचे नाव ईम. १६६५ च्या सप्टेंबरात लंडनहून तेथील शिंप्याकडे कापडाचे गाठोडे आले आणि त्याबरोबर प्लेग आला, असे परंपरा सांगते. गावात तेव्हा दोन धर्मोपदेशक होते. टॉमस स्टॅन्ले हे पूर्वीचे. १६६२ ची नवी प्रार्थनापद्धती मान्य न केल्यामुळे पदावरून दूर झालेले. दुसरे विल्यम मॉम्पेसन, अठ्ठावीस वर्षांचे, नव्या व्यवस्थेने नेमलेले. दोघांचे मतभेद साधे नव्हते. त्या काळी अशा मतभेदांपायी लोक तुरुंगात जात. परंतु १६६६ च्या जूनमध्ये हे दोघे एकत्र उभे राहिले आणि गावकऱ्यांना त्यांनी विनविले की कोणीही गावाची सीमा ओलांडू नये, म्हणजे रोग शेजारच्या गावांत जाणार नाही. गावाने ते मानले.

पुढे काय झाले ते तेथील मृत्युनोंदवहीत आहे. चर्च बंद करून प्रार्थना बाहेर एका घळीत होऊ लागली. माणसे अंतर राखून बसत. सीमेवरील दगडाच्या खळग्यांत व्हिनेगर भरून त्यात नाणी ठेवीत आणि बाहेरचे लोक धान्य ठेवून ती नाणी उचलून नेत. चॅट्सवर्थहून तेथील उमरावानेही अन्नसामग्री पाठविली. एलिझाबेथ हॅनकॉक या माउलीने आठ दिवसांत पती आणि सहा मुले स्वतःच्या हातांनी पुरली; त्यांची थडगी गावाबाहेरच्या उतारावर अजून आहेत. मॉम्पेसन यांनी आपली मुले आधीच दूर पाठविली होती. पत्नी कॅथरिन मात्र पतीला सोडून गेली नाही. त्या ऑगस्टात तीही गेली. तिचे थडगे चर्चच्या आवारात आहे. एकंदर सुमारे २६० माणसे दगावली. दर वर्षी ऑगस्टच्या अखेरच्या रविवारी गाव त्यांचे स्मरण करते. दधीचीने अस्थी दिल्या ही कथा आपण भक्तिभावाने ऐकतो. येथे एका अख्ख्या गावाने, ज्यांची नावेही पुष्कळदा ठाऊक नव्हती अशा शेजाऱ्यांसाठी, स्वतःला कोंडून घेतले.

आता घंटांविषयी. रविवारी सकाळी इंग्लंडच्या खेड्यातून चालत असता जो घंटानाद कानी येतो, त्यात ओळखीची चाल शोधू गेल्यास ती सापडत नाही. मोठी घंटा दोराने ओढून पूर्ण चक्राकार फिरविली जाते. तिला हवी तेव्हा थांबविता येत नाही आणि घाईही करता येत नाही. म्हणून तेथील लोकांनी सतराव्या शतकात गाण्याऐवजी क्रमाची विद्या निर्माण केली. समजा सहा घंटा आहेत. प्रथम त्या उंच स्वरापासून खालच्या स्वरापर्यंत ओळीने वाजतात. मग प्रत्येक फेरीत शेजारच्या घंटा जागा बदलतात. कोणतीही घंटा एका वेळी एकाहून अधिक घर सरकत नाही आणि एकदा आलेला क्रम पुन्हा येता कामा नये. फेबियन स्टेडमन यांनी १६७७ साली या विद्येवर ग्रंथ प्रसिद्ध केला.

संस्कृताच्या अभ्यासकाला हे ऐकताच भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील अंकपाश आठवतो. दिलेल्या अंकांच्या किती मांडण्या होतात, याचे गणित त्यांनी बाराव्या शतकात मांडले, आणि १३५६ साली नारायण पंडितांनी ‘गणितकौमुदी’त ते पुष्कळ पुढे नेले. सात घंटांच्या मांडण्या ५,०४० होतात. त्या सर्व वाजवावयास सुमारे तीन तास लागतात. आठ घंटांच्या ४०,३२०. हा संपूर्ण प्रस्तार १९६३ च्या जुलैत लफबरो येथे वादकांच्या एकाच गटाने न थांबता वाजविला. त्यास १७ तास ५८ मिनिटे लागली. बारा घंटांचा पुरा प्रस्तार वाजवावयाचा तर तीस वर्षांहून अधिक काळ दोर ओढावा लागेल! आणि हे सारे पाठ असावे लागते. वादकासमोर कागद नसतो. आमच्या घनपाठी वैदिकांनी जे वाणीने साधले त्याचे दूरचे भावंड म्हणावे असे हे काम तेथे सुतार, शिक्षक, शेतकरी, दुकानदार फावल्या वेळात मनोऱ्यात चढून करीत आले आहेत. दोर धरणारे हात हल्ली अपुरे पडू लागले आहेत. २०२३ च्या मे महिन्यात राजे तिसरे चार्ल्स यांचा राज्याभिषेक झाला, त्याच्या आधी नवे घंटावादक मिळविण्यासाठी देशभर मोहीम काढावी लागली होती.

खेड्यांतून निघून कॅथीड्रलकडे वळावे. कॅथीड्रल म्हणजे बिशपच्या पीठाचे मुख्य मंदिर. सॉल्झबरीचे कॅथीड्रल अवश्य पाहावे. १२२० च्या एप्रिलात त्याचा पाया घातला गेला आणि मुख्य वास्तू अवघ्या ३८ वर्षांत पुरी झाली, म्हणून तिच्यात एकाच हाताची सुसंगती आहे. त्यावर पुढे १२३ मीटर उंचीचे दगडी शिखर चढविले. त्या देशात त्याहून उंच चर्चशिखर नाही. या शिखराचा सुमारे ६,५०० टन भार मूळ बांधणाऱ्यांनी गृहीत धरलेला नव्हता. मध्यभागीच्या चार स्तंभांशी उभे राहून वर पाहिले तर ते भाराने वाकलेले साध्या डोळ्यांनी दिसतात. १६६८ साली क्रिस्टोफर रेन यांनी मोजणी केली तेव्हा शिखर सुमारे पाऊण मीटर कललेले आढळले. त्या स्तंभांखाली प्रार्थना कधी थांबली नाही असे म्हणवत नाही, कारण सतराव्या शतकातील यादवीत सर्वत्र खंड पडला. परंतु राजसत्ता परत येताच ती पुन्हा सुरू झाली.

ही सायंप्रार्थना हेच माझ्या मते इंग्लिश कॅथीड्रलांचे खरे वैभव आहे. तिचा साचा १५४९ च्या प्रार्थनाग्रंथात बसविला गेला आणि १६६२ च्या आवृत्तीत स्थिर झाला. त्या ग्रंथात दीडशे स्तोत्रे महिन्याच्या तीस दिवसांच्या सकाळ-संध्याकाळींत वाटून दिलेली आहेत, म्हणजे महिन्याला एक पारायण! गायकवृंद समोरासमोर दोन ओळींत बसतो आणि स्तोत्राचे चरण आळीपाळीने उचलतो. पूर्वी यात मुलगे आणि पुरुषच असत; मुलींचा स्वतंत्र वृंद प्रथम सॉल्झबरीनेच १९९१ मध्ये उभा केला. मी गेलो ती आठवड्यातली एक पावसाळी संध्याकाळ होती. ऐकणारे आम्ही नऊ जण आणि गाणारे आमच्या दुपटीहून अधिक. तरी एकही चरण गाळला नाही, एकही विराम आखडला नाही. रिकाम्या सतरंजीपुढे कीर्तन उभे करण्याचा प्रसंग ज्याच्यावर आला आहे, त्याला यातील निष्ठेचे मोल सांगावे लागत नाही.

जवळच्याच बेमर्टन खेड्यात कवी जॉर्ज हर्बर्ट १६३० पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे जेमतेम तीन वर्षे, धर्मगुरू होते. ते आठवड्यातून दोनदा ही सायंप्रार्थना ऐकण्यास पायी सॉल्झबरीस येत. एकदा वाटेत एका गरीब माणसाचे घोडे ओझ्यासकट पडलेले त्यांना दिसले. अंगरखा काढून ते चिखलात उतरले, ओझे उतरविले, घोडे उठविले, ओझे पुन्हा लादले आणि त्या माणसाच्या हातावर पैसेही ठेवले. संगीताच्या बैठकीस ते चिखलाने माखलेले पोहोचले तेव्हा मित्रांना नवल वाटले. आज केलेल्या या कामाची आठवण मध्यरात्री मला संगीताप्रमाणे ऐकू येईल, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिल्याचे त्यांचे चरित्रकार आयझॅक वॉल्टन सांगतात. नाथमहाराजांनी रामेश्वराची कावड तहानलेल्या गाढवाच्या मुखी रिती केली, ती कथा येथे वेगळी सांगण्याची गरज नाही.

विंचेस्टरचे कॅथीड्रल १०७९ पासून बांधले गेले, पण ते पाणथळ भूमीवर. विसाव्या शतकाच्या आरंभी भिंतींना तडे जाऊ लागले. पाया खणू जावे तर खड्डे पाण्याने भरत, पाणी उपसावे तर जमीन खचण्याची भीती. तेव्हा विल्यम वॉकर नावाच्या पाणबुड्याला बोलावले. १९०६ ते १९११ अशी सुमारे सहा वर्षे हा माणूस जड पोशाख चढवून, गढूळ पाण्याच्या पूर्ण अंधारात, केवळ हातांच्या स्पर्शाने काँक्रीटच्या गोणी पायाखाली रचीत राहिला. गोणी २५,००० हून अधिक लागल्या. त्यांनी पाण्याला अटकाव झाल्यावर गवंड्यांनी वरचे काम केले आणि १९१२ त राजे पाचवे जॉर्ज यांच्या उपस्थितीत कृतज्ञता-प्रार्थना झाली. पुढे वॉकर यांची छोटी मूर्ती कॅथीड्रलमध्ये बसविली गेली, ती नेमकी दुसऱ्याच माणसाची निघाली! छायाचित्र पाहताना शिल्पकाराने शेजारच्या अभियंत्याचा चेहरा घेतला होता. २००१ साली योग्य मूर्ती तेथे आली. अंधारात राबणाऱ्याचा चेहरा लोकांना ओळखता येऊ नये, यात नवल ते काय?

ऑक्सफर्डशरमधील वाँटेज या गावी मराठी वाचकाने थोडे थांबावे. तेथील संत पीटर आणि संत पॉल यांच्या चर्चमध्ये २९ सप्टेंबर १८८३ रोजी पंडिता रमाबाईंनी कन्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. तो दिवस देवदूत मायकेलच्या सणाचा. ज्यांनी आईवडिलांबरोबर तीर्थोतीर्थी पुराणे सांगत भारत पालथा घातला, ज्यांना कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘सरस्वती’ म्हणून गौरविले, त्या बाई येथे धर्मांतरित झाल्या, या वार्तेने तेव्हाचा महाराष्ट्र हादरला. आमच्यासारख्या पुराणिकांच्या घरांतून तो विषय पुढे कित्येक वर्षे दबक्या आवाजात निघे, आणि त्या घटनेचे दुःख मी लपवीत नाही. पण त्याच गावी दुसरी गोष्टही कळते. वाँटेजच्या ज्या भगिनीसंघाकडे त्या राहिल्या, त्या भगिनींशी त्यांचे सिद्धान्तांवरून सतत खटके उडत. शाकाहार त्यांनी सोडला नाही. क्रॉसवर लॅटिन अक्षरे हवीत तर आमची संस्कृत का नको, असा प्रश्न त्यांनी रोखठोक विचारला. देवापुढे मातृभूमीच्या भाषेची मान खाली घालावयास त्या तयार नव्हत्या. त्यांचा मार्ग आपला नव्हे. पण ज्या पित्याने, अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी, समाजाचा रोष पत्करून पत्नीला आणि कन्येला संस्कृत शिकविले, त्याचे तेज त्या थंड दगडी चर्चमध्येही मला जाणवले. आणि त्यांना विधवा म्हणून, विदुषी म्हणून आपण काय दिले, हा प्रश्नही तेथून निघताना सोबत येतो.

आजची स्थिती सांगितल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. रविवारी या धर्मसंस्थेच्या चर्चमध्ये जाणाऱ्यांची संख्या आता देशभर मिळून दहा लाखांहून कमी आहे. एका धर्मगुरूकडे सहा-सात, कोठे त्याहूनही अधिक गावे असतात. छप्पर गळले तर दुरुस्तीचा भार मुख्यतः त्या गावानेच उचलावयाचा. छपरावरील शिशाचे पत्रे चोरीस जातात. वटवाघळांना कायद्याचे संरक्षण असल्याने त्यांना हुसकावता येत नाही, आणि त्यांची घाण रोज सकाळी झाडणारी बहुधा कोणी सत्तरीतली बाई असते. जेथे प्रार्थना कायमची थांबली अशा साडेतीनशेहून अधिक चर्चांचा सांभाळ १९६९ साली स्थापन झालेला एक न्यास करतो. तेथे पूजा नसली तरी दार उघडे असते. आणि सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी अनेक परगण्यांतील लोक पायी वा सायकलवर एका चर्चहून दुसऱ्या चर्चला जात दुरुस्तीसाठी निधी जमवितात. दारात बसलेला गावकरी त्यांच्या कागदावर सही करतो आणि पाण्याचा पेला पुढे करतो.

कोणास जाण्याचा योग आला तर एवढे ध्यानात ठेवावे. खेड्यातील चर्चचे दार बंद दिसले तरी कडी फिरवून पाहावी. पुष्कळदा ते नुसते लोटलेले असते. कुलूप असल्यास किल्ली कोणत्या घरी मिळेल ते देवडीतील पाटीवर लिहिलेले असते. दानपेटीत नाणे टाकावे, आणि पाहुण्यांच्या वहीत नाव-गाव लिहावे. मराठीत लिहिले तरी चालते. मोठ्या कॅथीड्रलांपैकी काहींत पाहण्यास शुल्क असते, सायंप्रार्थनेस मात्र कोणीही विनामूल्य जावे. धर्म कोणी विचारीत नाही. आठवड्यातील दिवशी तिची वेळ बहुधा साडेपाचची. शाळांच्या सुट्टीत मूळ गायकवृंद नसतो, तेव्हा बाहेरगावचे वृंद येऊन सेवा करतात. थोडे आधी गेल्यास गायकांच्या मागल्या कोरीव लाकडी आसनांवर बसावयास मिळते.